गर्जे बाईंचा हगामा

बास्केटबॉलचा कोच आणि गळ्यात शिट्टी नाही, असं मी आयुष्यात एकदाच पाहिलं. त्या म्हणजे आमच्या सुमन गर्जे बाई. आडनाव गर्जे आणि आवाजही आडनावाला जागणारा, त्यामुळे शिट्टीची गरजच पडली नाही. नगरला ज्या हॉलमध्ये आमचा सराव चालायचा, त्याच्या मागच्या भिंतीला लागून एक रसवंती आहे. बाई आतून "पाय हलव, पाय!" म्हणून ओरडल्या की आपलाही पाय हलतो, असं तो रसवंतीवाला स्वतः आम्हाला सांगायचा. एकदा मुंबईच्या संघाविरुद्धच्या सामन्यात बाई आमच्या यमुनावर ओरडल्या, "थांब!" यमुना थांबली नाही. मुंबईची एक मुलगी चेंडू घेऊन बास्केटकडे निघाली होती, ती थांबली. पंच बाईंना समज द्यायला आले, तर बाई म्हणाल्या, "मी माज्या पोरीला बोलले. तिनं कशाला ऐकलं?" 

मी त्या संघातली बारावी खेळाडू. बास्केटबॉलमध्ये पाच जणी खेळतात, चार-पाच जणी आलटून-पालटून आत-बाहेर करतात आणि बारावीने बाक गरम ठेवायचा असतो. ते काम मी तीन हंगाम मन लावून केलं. त्यातून मिळालं एवढंच, की बाईंच्या जवळची जागा कायम माझी राहिली. सामना मला फारसा दिसायचा नाही, कारण बाई माझ्यासमोर येरझाऱ्या घालत असायच्या. पण त्यामुळे बाई मात्र मला भरपूर दिसल्या.

दिसायच्याही बघण्यासारख्या. उंची पाच फुटांच्या आतच. सुती साडी, तिच्यावर संघाचं निळं जॅकेट आणि पायात पांढरे बूट. बाईंच्या मापाचं जॅकेट कंपनी बनवत नसल्यामुळे ते लहान मुलांच्या ढिगातून आलं होतं आणि त्याच्या खिशावर एक हसरं अस्वल होतं. काखेत मोठी रेक्झिनची पिशवी. त्या पिशवीत शेंगदाण्याचे लाडू, बाम, सुईदोरा, बुटांच्या नाड्या, ओवा आणि एक पाना असे. पाना कशाला, असं मी एकदा विचारलं. "बास्केटच्या कड्याचे नट ढिले अस्त्यात. दुसऱ्याच्या मैदानावर काय भरवसा," असं त्या म्हणाल्या. परगावी गेलो की सामन्याआधी बाई हातात पाना घेऊन बास्केटखाली उभ्या राहायच्या आणि यमुनाला वर बघायला सांगायच्या. यजमान संघाच्या लोकांना हे अपमानासारखं वाटायचं, पण तक्रार कोणत्या कलमाखाली करायची ते त्यांना सुचायचं नाही.

आमच्या संघाचे मालक भाऊसाहेब. राहुरीकडे त्यांची दुधाची मोठी डेअरी. महिलांच्या व्यावसायिक लीगमध्ये नगरचा संघ उतरवावा, हे त्यांच्या मनात कसं आलं ते नक्की कोणालाच माहीत नाही. क्रिकेटचा संघ हवा होता, तो मिळाला नाही म्हणून हा घेतला, असं लोक म्हणत. आमच्या बनियनवर पुढे 'वाघिणी' आणि मागे 'शुद्ध साजूक तूप' असं छापलेलं होतं. आम्ही मैदानात आलो की समोरचे संघ हसायचे, "तूपवाल्या आल्या!" आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. बाईंना काहीच वाटायचं नाही. "म्हनू द्या. तूपच म्हनत्यात ना? पामतेल तर न्हाई म्हनत?"

या संघासाठी बाईंचा जीव का तुटायचा, ते समजायला त्यांची शाळा माहीत असायला हवी. पाथर्डी तालुक्यातल्या एका गावात त्या खेळाच्या शिक्षिका होत्या. पाण्याच्या टाकीच्या खांबाला लोखंडी कडं ठोकून त्यांनी मुलींना बास्केटबॉल शिकवला. मुली चांगल्या तयार व्हायच्या, पण दिवाळी झाली की निम्मा संघ आईबापाबरोबर ऊसतोडीला निघून जायचा. "माझी सेंटर कोल्हापूरला, फॉरवर्ड सांगलीला, आन् गार्ड कर्नाटकात! चेंडू काय पोस्टानं पाठवू?" हे त्या हसून सांगायच्या. पण एकदा सांगता सांगता त्या मध्येच पिशवीत उगाच काहीतरी शोधू लागल्या. पोरीनं याच जिल्ह्यात राहावं, इथंच खेळावं आणि त्याचा पगार घ्यावा, एवढं त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. भाऊसाहेबांनी संघ काढला तेव्हा बाईंनी शाळेची नोकरी सोडली, नवऱ्याला म्हशी सांभाळायला सांगितल्या आणि नगरला एका खोलीत येऊन राहिल्या.

व्यावसायिक या शब्दाचा बाईंनी आपल्यापुरता अर्थ लावून घेतला होता. त्या 'प्रोफेशनल' म्हणायच्या, आणि दिवसातून किती वेळा म्हणायच्या त्याला गणती नव्हती. डबा शिल्लक ठेवणारी मुलगी प्रोफेशनल नाही. हरल्यावर रडणारी चालेल, पण बूट न पुसता पिशवीत टाकणारी प्रोफेशनल नाही. एकदा मी बाकावर बसल्या बसल्या जांभई दिली, तर माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "मुक्ते, बसायचा पगार घेतीस ना? मंग प्रोफेशनल बस." तेव्हापासून मी ताठ बसते. अजूनही, लग्नाकार्यात जेवायला बसले तरी.

खेळाडू शोधायची त्यांची रीतही निराळीच. त्या ओळखीअनोळखीच्या लग्नांना जायच्या, नवरानवरीकडे पाठ करून बसायच्या आणि मांडवात कोणती मुलगी सगळ्यांच्या डोक्यावरून दिसते ते बघायच्या. यमुना त्यांना अशीच आमच्याच जिल्ह्यातल्या अकोल्याच्या एका लग्नात सापडली. लग्न कोणाचं होतं ते बाईंना तेव्हाही माहीत नव्हतं. यमुना पंगतीत भात वाढत होती आणि मांडवाची झालर तिच्या केसात अडकत होती. बाईंनी जेवण अर्धं टाकलं. बाईंनी टाकलेलं ते पहिलं आणि शेवटचं ताट.

यमुनाचं घर भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला. तिच्या वडिलांनी बाईंना चहा पाजला, ओसरीवर बसवलं आणि सरळ नाही म्हणाले. "भाताची आवनी तोंडावर आलीय, बाई. पोरीचे हात लांब. दोन बायांची लावनी ती एकली करती. ती गेल्यावर आमच्या खाचरात कोन उतरायचं?"

"दोन बाया गेल्या ना तुमच्या? मी अकरा आनते," बाई म्हणाल्या.

आम्हाला वाटलं, बोलण्याची पद्धत. पण जुलैमध्ये डेअरीची गाडी खरोखरच आम्हाला घेऊन भंडारदऱ्याला गेली आणि नगर जिल्ह्याचा व्यावसायिक संघ गुडघाभर चिखलात भाताची रोपं लावायला उतरला. वरून पाऊस, खाली चिखल, आणि बांधावर डोक्याला घोंगडी घेतलेल्या बाई. "कंबर खाली! अजून खाली! ह्यालाच डिफेन्स म्हनत्यात!" यमुनाच्या आईला हा सगळा प्रकार इतका आवडला की ती मध्येच थांबून आमच्याकडे बघायची आणि पदर तोंडाला लावून हसायची. मी नगर शहरातली, सावेडीतली मुलगी. भात कुकरमधून येतो एवढंच मला माहीत. माझी रोपं तिरकी लागली म्हणून यमुनाच्या आजीने सगळी उपटून पुन्हा लावली, तीही माझ्यादेखत. खाचरं लावून झाली तेव्हा यमुनाचे वडील बांधावरून उठले. त्यांनी आत जाऊन मुलीची पिशवी आणली आणि आमच्या गाडीत ठेवली. त्यानंतर आठवडाभर आम्हाला सरळ उभं राहता येत नव्हतं. पण त्या वर्षी आमच्याइतका खाली वाकून बचाव करणारा संघ लीगमध्ये दुसरा नव्हता, हे मात्र खरं.

बाईंचं शिकवणं सगळं शेतातलं होतं. प्रत्येकीने आपली जागा धरून बचाव करायचा असतो. त्याला इंग्रजीत काय म्हणतात ते बाईंना नीट माहीत होतं, पण त्या म्हणायच्या, "बांध धर!" समोरची मुलगी हळूच आत सरकली की ओरडायच्या, "अगं, ती बांध कोरतीय! तुजा बांध कोरतीय ती!" आमच्यातल्या बहुतेक मुली शेतकऱ्यांच्या. शेजाऱ्याने नांगरटीच्या वेळी बांध कोरला की घरात काय होतं, हे त्यांनी लहानपणापासून बघितलेलं. त्या अशा काही चवताळून जागा धरायच्या की समोरची मुलगी घाबरून चेंडू सोडून द्यायची. दुसरी आरोळी होती 'दारं मोड'. शेतात एक वाफा भरला की दारं मोडून पाणी पुढच्या वाफ्यात सोडतात. तशी मैदानाच्या एका बाजूला गर्दी झाली की चेंडू दुसऱ्या बाजूला फिरवायचा. "भरला वाफा! दारं मोड!" असं बाई ओरडल्या की चेंडू तीन हातांतून जाऊन पलीकडे पोचलेला असायचा.

यातून एक भानगड झाली. आमची गार्ड जीना केरळची. चणीने लहान, पायाने वारा. तिला मराठीचा गंध नव्हता. जी काही मराठी ती शिकली ती बाईंकडून, मैदानावर. त्यामुळे ही सगळी बास्केटबॉलची जगभर चालणारी भाषा आहे, अशी तिची प्रामाणिक समजूत झाली. पुढे ती देशाच्या शिबिराला निवडली गेली. तिथे पहिल्याच सरावात ती पंजाबच्या मुलींवर ओरडली, "दारं मोड! दारं मोड!" त्या मुली घाबरून हॉलच्या दाराकडे बघू लागल्या. तिथल्या कोचनी विचारलं, हे काय? तर जीना शांतपणे म्हणाली, "सर, बेसिक रूल." परत आल्यावर तिने बाईंना विचारलं, "बाई, दारं मोड इंटरनॅशनल नाय?" बाईंनी तिला पिशवीतला लाडू दिला आणि म्हणाल्या, "व्हईल, व्हईल. येळ लागंल."

खेळ सुधारला, पण प्रेक्षक नव्हते. नगरमध्ये आमच्या सामन्याला हॉलचा वॉचमन, रसवंतीवाला, भाऊसाहेबांनी ताबडतोब जा म्हणून धाडलेले डेअरीचे चार-दोन कामगार आणि ज्यांची मुलगी खेळते ते आईबाप, एवढेच यायचे. डेअरीचे कामगार झोपायचे. तिसऱ्या हंगामात भाऊसाहेबांनी बाईंना बोलावलं. ते वाईट माणूस नव्हते. मान खाली घालून म्हणाले, "बाई, रिकाम्या हॉलला मी किती दिवस तूप दाखवणार? शेवटच्या सामन्याला हॉल भरला तर संघ नगरला राहील. नाहीतर पुढच्या वर्षी पुण्याला न्यावा लागेल. तिथे माणसं येतात म्हणे."

बाई ऑफिसातून बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता. संघ पुण्याला गेला म्हणजे पुन्हा तेच. जिल्ह्यातली पोरगी जिल्ह्याबाहेर. फक्त कोयत्याऐवजी हातात चेंडू. त्या दिवशी सरावाला त्या एकदाच ओरडल्या आणि तेही चुकीच्या मुलीवर.

पण दुसऱ्या दिवशी त्यांना काहीतरी सुचलं होतं. गावोगावच्या जत्रांचे दिवस होते. आमच्याकडे जत्रेत कुस्त्यांचा जो मोठा कार्यक्रम होतो त्याला हगामा म्हणतात, आणि हगाम्याला माणूस बोलवावा लागत नाही, आपण होऊन येतो. बाईंनी डेअरीच्या दूध गोळा करणाऱ्या गाड्यांवर कापडी फलक लावले. त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'नगरला पोरींचा जंगी हगामा'. खाली अगदी बारीक अक्षरात 'बास्केटबॉल'. गाड्या शेवगावपासून अकोल्यापर्यंत फिरल्या.

सामन्याच्या दिवशी हॉल भरला. भरला म्हणजे दारं लावता येईनात. फेटे, टोप्या, कडेवरची पोरं, बचत गटाच्या बाया, हिवरे बाजारकडची एक भजनी मंडळी, आणि तीन हलग्या. भाऊसाहेब पहिल्या रांगेत बसून मागे वळून वळून बघत होते. समोर नागपूरचा संघ. त्या मुलींनी एवढी माणसं पाहून आपसात कुजबुज केली. आमच्या मुलींची तर बोबडीच वळली होती. खेळ सुरू झाला आणि दहा मिनिटं लोक चकार शब्द बोलले नाहीत. मातीचा आखाडा कुठे आहे, हे शोधत असावेत.

मग जे झालं ते फक्त नगर जिल्ह्यातच होऊ शकतं. नागपूरची सेंटर सहा फुटांच्या वर. खेळता खेळता अदलाबदल होऊन तिच्यासमोर आमची जीना आली. जीनाचं डोकं तिच्या खांद्यालाही पोचत नव्हतं. तेवढ्यात प्रेक्षकांतून एक म्हातारे गृहस्थ उठले. पांढऱ्या मिशा, गुलाबी फेटा. शेवगावकडचे रंगनाथ वस्ताद. त्यांनी चपला काढून कडेला ठेवल्या, मैदानाला हात लावून नमस्कार केला आणि सरळ आत आले. एका हाताने जीनाचं मनगट धरलं, दुसऱ्या हाताने त्या नागपूरच्या मुलीचं, दोघींना मधोमध उभं केलं आणि गरजले, "ही जोड बसती का? तुमीच सांगा!"

"न्हाई!" अख्खा हॉल ओरडला. हगाम्यात विषम जोड लावली तर कोणीही उठून हरकत घेऊ शकतो, तो प्रेक्षकांचा हक्कच असतो. पंच बाहेरगावचा तरुण मुलगा. त्याने नियमांचं पुस्तक पाठ केलेलं असणार, पण त्यात हे नसणार. तो शिट्टी तोंडात तशीच धरून उभा राहिला. नागपूरची मुलगी घाबरून आपल्या कोचकडे बघत होती. जीना मात्र वस्तादांना नमस्कार करत होती. तिला वाटलं, पाहुणे आहेत.

बाई धावत आत गेल्या. "वस्ताद, ऐका. हितं जोड येकीयेकीची नस्ती. पाचाला पाच अस्त्यात."

"असू द्या! पर ह्या चिमनीला त्या खांबापुढं कोनी हुबं केलं? पाप लागंल, बाई!"

बाईंनी जीनाकडे पाहिलं. नियम सांगून भागणार नव्हतं. मग त्या हळूच म्हणाल्या, "कोनी न्हाई. तिनं मागून घेतलीय."

वस्तादांचा चेहराच पालटला. "मागून घेतली?"

"मागून घेतली."

लहान पैलवानाने आपण होऊन मोठ्याशी कुस्ती मागितली तर तिथे कोणाची हरकत चालत नाही. वस्तादांनी जीनाला नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं, तिच्या पाठीवर थाप मारली आणि लोकांकडे तोंड करून हात वर केला, "पोरीनं मागून घेतलीया! आता बोलायचं काम न्हाई!"

यानंतर हलग्या ज्या सुरू झाल्या त्या थांबल्याच नाहीत. बास्केटबॉल कोणालाच कळत नव्हता, पण चिमणी विरुद्ध खांब हे सगळ्यांना कळलं. जीनाच्या हातात चेंडू आला की हॉल उठून उभा राहायचा. एकदा तिने त्या उंच मुलीच्या हातातून चेंडू काढला, मैदानभर पळाली आणि बास्केट केलं. माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. कोणीतरी फेटा उडवला तो बास्केटमध्ये अडकला आणि तो काढायला यमुनाला पाठवावं लागलं. सामना संपल्यावर रिवाजाप्रमाणे वस्तादांनी जीनाचा हात वर धरून तिला मैदानाभोवती फिरवलं. कोणी नारळ दिला, कोणी केळी, आणि एका बाईने पिशवीतून जिवंत कोंबडा काढून तिच्या हातात दिला. तो सामना आम्ही हरलो होतो. पण हे बहुतेकांना शेवटपर्यंत कळलं नाही, आणि ज्यांना कळलं त्यांनी सांगितलं नाही.

भाऊसाहेबांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, संघ नगरमध्येच राहणार. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या म्हणाल्या की ते हलगीच्या आवाजाने आलं.

हातात कोंबडा धरून हसणाऱ्या जीनाचा तो व्हिडिओ दुसऱ्या दिवसापासून राज्यभरच्या मोबाईलवर फिरला. गंमत अशी, की त्यानेच आमचा घात केला. वाघिणींना एवढी माणसं येतात हे पाहून पुण्यातल्या एका बड्या बिल्डरने लीगकडे आमचा संघ मागितला, आणि लीगवाल्यांनी भाऊसाहेबांवर दबाव आणून संघ त्याला द्यायला लावला. भाऊसाहेब तुपाचा डबा घेऊन हॉलवर आले आणि बाईंसमोर उभे राहिले. "बाई, मी शब्द दिला होता. पण आता संघ माझ्या हातात राहिला नाही."

बाईंनी डब्याकडे पाहिलं. "पोरींचा पगार वाढंल?"

"वाढेल."

"येळेवर मिळंल?"

"मिळेल."

"मंग काय," बाई म्हणाल्या. एवढंच. त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

नव्या मालकांनी कोच नवा घेतला. बाईंना कोणी विचारलंही नाही, आणि त्यांनी ते कोणाला जाणवू दिलं नाही. यमुना मात्र अडून बसली. बाई नाहीत तर मी येत नाही, गावाला जाते, म्हणाली. ज्या बाईंनी संघ नगरला राहावा म्हणून जिल्हा पालथा घातला होता, त्याच बाईंनी यमुनाची पिशवी उचलून पुण्याच्या गाडीत टाकली. "गावाला जाऊन काय करशील? आवनी झालीय यंदाची. बस गाडीत. प्रोफेशनल हायस तू." यमुना रडत चढली. बाईंनी दार लावलं आणि ड्रायव्हरला सावकाश जायची ताकीद दिली.

पुण्यातला आमचा पहिला सामना. गार हॉल, मऊ खुर्च्या, कानठळ्या बसवणारं संगीत. नव्या मॅडम स्वतः देशासाठी खेळलेल्या. बोलायच्या हळू, शिकवायच्या नेमकं, कोणावर डाफरायच्या नाहीत. त्यांच्यात खोट काढायला जागाच नव्हती, आणि तेच आम्हाला जड जात होतं. खेळ सुरू होण्याआधी दारात गलका ऐकू आला. डेअरीचा टेम्पो आला होता. त्यातून रंगनाथ वस्ताद, यमुनाचे आईवडील, रसवंतीवाला, पंधरा-वीस माणसं आणि सर्वांत शेवटी बाई उतरल्या. त्या आमच्या बाकाच्या मागे तिसऱ्या रांगेत बसल्या. ओरडायचं नाही असं ठरवूनच आल्या असाव्यात, कारण पहिल्या मिनिटापासून त्यांनी पदराचा बोळा तोंडात धरला होता.

आम्ही वाईट खेळत होतो. मॅडमनी वेळ मागून घेतला, मुलींना भोवती गोळा केलं आणि हातातल्या छोट्या पाटीवर रेघा काढून समजावू लागल्या. एकही मुलगी पाटीकडे बघत नव्हती. यमुना, जीना, सगळ्या मॅडमच्या खांद्यावरून मागे, तिसऱ्या रांगेत बघत होत्या. मॅडमच्या ते लक्षात आलं. त्यांनी वळून पाहिलं, पुन्हा पाटीकडे वळल्या आणि आणखी हळू बोलू लागल्या. मला त्यांची दया आली.

बाईंनीही ते पाहिलं. त्यांनी तोंडातला पदर काढला. मला वाटलं, आता ओरडणार. मुलींनाही तसंच वाटलं असावं, कारण सगळ्यांचे चेहरे उजळले. बाई उठल्या, पिशवी काखेत मारली आणि रांगेतून बाहेर पडल्या.

"अवो बाई, कुटं निगाल्या? अजून निकाल लागला न्हाई!" वस्ताद म्हणाले.

"मला बस हाय."

"बस? आपन तर टेम्पोनं आलोय!"

"तुमी बसा, वस्ताद," बाई म्हणाल्या आणि पायऱ्या चढू लागल्या. पाठमोऱ्या, बुटक्या, अंगात ते निळं जॅकेट. मला धावत जाऊन त्यांना अडवावंसं वाटलं. बाईंनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. दार उघडलं, बाहेरचं ऊन क्षणभर आत आलं, आणि दार लागलं.

यमुना त्या बंद दाराकडे बघत राहिली. मग तिने हाताने नाक पुसलं आणि नव्या मॅडमच्या पाटीकडे तोंड केलं.

"मॅडम," ती म्हणाली, "परत सांगा."